हंसोबांचा हात

धारूळच्या मठात एक रीत होती. पोथीतली ओवी वाचून झाली की वाचक तिचा अर्थ सांगे आणि समोर बसलेली माणसं एका सुरात म्हणत, "असेही असेल." मग दुसरं कुणी उठे, वेगळाच अर्थ सांगे. त्यालाही तेच उत्तर. सासूवर चिडलेल्या सुनेने ओवीतून सासू काढली तरी असेही असेल, आणि तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या कारकुनाने अद्वैत काढलं तरी असेही असेल. अचलपूरच्या पुढे, मेळघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या उजेडपंथाची ही अडीचशे वर्षांची सवय. पंथात कधी फूट पडली नाही ती या तीन शब्दांमुळे, असं जुने लोक सांगत.

सुदाम गावंडे चाळीस वर्षं या मठाचे वाचक होते. पोटासाठी त्यांनी वीज खात्यात मीटर तपासण्याची नोकरी केली. घराला कुलूप दिसलं की अंदाजे रीडिंग टाकून पुढे जायची खात्यातली पद्धत त्यांनी कधी पाळली नाही. सायकल भिंतीला लावून ते ओट्यावर बसून राहत, घरमालक येईपर्यंत. सोबतचे लोक त्यांना 'कुलूपवाले गावंडे' म्हणत. बायको लवकर गेली. एकुलत्या मुलीने, केतकीने, बापाचा हा स्वभाव जसाच्या तसा उचलला आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्याचं यंत्र बनवलं.

यंत्राचं नाव मागोवा. त्याचं तत्त्व साधं होतं. बोरू सावकाश चालला की शाई जास्त उतरते, भरभर चालला की कमी. थांबला की तिथे ती साचते. कागदावरच्या शाईची जाडी पुरेशी बारकाईने मोजता आली, तर दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा हात कुठे धावला, कुठे अडला, कुठे दौतीकडे गेला, हे पडद्यावर पुन्हा चालवून दाखवता येतं. इथवरचं काम जुनं होतं. केतकीच्या गटाने पुढची पायरी घातली. काही हजार जिवंत माणसांना डोक्यावर संवेदकांची टोपी घालून, हातात बोरू देऊन लिहायला बसवलं. सकाळी काय काय केलं ते लिहा. आता मनाने रचून काही लिहा, एखादी उपमा द्या. दोन्ही वेळी मेंदू वेगळा चालतो, आणि हातही. केलेलं लिहिणारा हात वाक्य संपल्यावर थांबतो, कारण पुढची आठवण यायची असते. रचणारा हात वाक्याच्या मध्येच, नेमक्या शब्दाच्या तोंडाशी थबकतो, कारण तो शब्द शोधायचा असतो. हे थबकणं लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. शाईत मात्र ते उतरतं.

ज्या मजकुरांचं खरंखोटं आधीच ठाऊक होतं, त्यांच्यावर मागोव्याने शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर उत्तर दिलं. जमिनीच्या जुन्या दाव्यांत न्यायालयं त्याची साक्ष घेऊ लागली. केतकीचं नाव वर्तमानपत्रांत आलं. सुदामरावांनी ते कात्रण मठाच्या भिंतीवर लावलं नाही, पण पाकिटात ठेवलं.

त्याच वर्षी शेजारच्या गावातली पंथाची एक मुलगी, कॉलेजात जाणारी, सकाळी गच्चीवर बसली ती दुपारपर्यंत सूर्याकडे पाहत राहिली.

कारण पोथीत तसं लिहिलं होतं. पंथाचे संस्थापक हंसोबा यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या उजेडपोथीत या दोन ओव्या होत्या:

उगवतीपासोनि मावळतीवरी । सूर्य धरावा बुबुळांवरी ।
पापणी न लवावी क्षणभरी । निश्चयें बैसोनि ॥

मग बाहेरील उजेड सरे । आंतील दिवा पेटोनि उरे ।
कांहीं न दिसे त्यावीण दुसरें । साधकासी ॥

आजवर कुणी हे शब्दशः घेतलं नव्हतं. सूर्य म्हणजे ज्ञान, कुणाच्या मते गुरू, कुणाच्या मते मरण. सुदामरावांचा स्वतःचा अर्थ असा, की सूर्य म्हणजे आपली चूक. तिच्याकडे नजर न चुकवता पाहावं. लोकांना तो आवडे. पण अलीकडे रोहिदास ढोले नावाचा तिशीतला माणूस पंथातल्या तरुणांना जमवू लागला होता. अचलपुरात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि जिभेवर साखर. तो म्हणे, "हंसोबानं सूर्य लिवला, तर सूर्यच. तुम्ही अर्थ लावता म्हणजे काय करता? सूट मागता."

मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग भाजला होता. डॉक्टरांनी सांगितलं, काठाकाठाने दिसेल. समोरचं माणूस, समोरचं अक्षर आता दिसणार नाही. रोहिदासने तिचा सत्कार ठेवला.

त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सुदामरावांनी केतकीला फोन केला.

"तुयं यंत्र हात वाचते म्हणे."

"वाचतं, बाबा."

"मंग हंसोबाचा वाच. त्यायनं हे खरं केलं होतं का मनानं रचलं, एवढं सांग. रचलं होतं असं निघालं, तर रोहिदासचं दुकान बंद."

केतकीला शंका अशी नव्हतीच. दिवसभर सूर्याकडे पाहायला सांगणारी ओवी ही ओवीच असणार. विश्वस्तांची बैठक झाली. रोहिदास हसत म्हणाला, "आपल्याले मंजूर हाय. फक्त ताई, निकाल जो लागंल तो सभेत तुमच्या तोंडून ऐकू द्या. मागून कागद पाठवायचा नाई." विश्वस्तांनी प्रश्न एका वाक्यात लिहून दिला: पहिली ओवी प्रत्यक्ष कृतीची आहे की रूपक?

दुसऱ्या ओवीबद्दल कुणी विचारलं नाही. तिच्यावर वाद नव्हता. रोहिदासच्या माणसांना दिवा लागतो हे पक्कं ठाऊक होतं, सुदामरावांच्या माणसांना दिवा म्हणजे समज हे पक्कं ठाऊक होतं. ज्यावर वाद नाही ते कोण तपासतं?

केतकीने मठात येऊन पोथीचं पान न् पान यंत्राखाली घातलं आणि ती पुण्याला परतली.

निकाल पडद्यावर आला तेव्हा तिच्या शेजारी इर्शाद तांबोळी बसला होता. मागोव्याचं गणित त्याचं. पहिल्या ओवीवर हात एकदाही मध्ये अडला नव्हता. उगवतीपासोनि मावळतीवरी, थांबा. सूर्य धरावा बुबुळांवरी, थांबा. केलेलं लिहिणारा हात.

"पुन्हा चालव," केतकी म्हणाली.

त्याने पुन्हा चालवलं. मग त्याने आधीची आणि नंतरची पानं शेजारी शेजारी लावली. या ओवीच्या थोडं आधीपासून हंसोबांचं अक्षर बदललं होतं. पंथात सांगत की इथून पुढे स्वामींनी समाधीत, डोळे मिटून लिहिलं. पण डोळे मिटून लिहिणाऱ्याचा समास वाकडा जातो. इथे समास दोन्ही बाजूंनी काटेकोर सरळ होते आणि मधल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. या माणसाला पानाचा काठ दिसत होता, फक्त बोरूचं टोक दिसत नव्हतं.

"त्यांनी केलं होतं," केतकी म्हणाली. "करून मग लिहिलं."

इर्शादने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता?"

"आता काय? सांगायचं."

"सांगू नको असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की मठात सत्त्याण्णव टक्के पोचत नाहीत. तिथे फक्त हो नाहीतर नाही पोचतं."

"उलटं निघालं असतं तर मी उद्याच गावी गेले असते ना? मग आताही जाणार." ती बॅग भरू लागली. "आणि इर्शाद, हे आपल्याच बाजूचं आहे. त्यांचे डोळे गेले, हे मी पानांवर दाखवणार. संस्थापकाचेच डोळे गेले हे दिसल्यावर कोण बसेल उन्हात?"

इर्शादने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

सभेला मठ भरला होता. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, मधे पोथीचा चौरंग आणि चौरंगामागे सुदामराव. केतकीने भिंतीवर पानं दाखवली, चढलेल्या ओळी दाखवल्या, सरळ समास दाखवले. सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. शेवटी म्हणाली, "हंसोबांनी हे स्वतः केलं होतं. आणि त्यात त्यांची दृष्टी गेली. हा इशारा आहे."

रीतीप्रमाणे अर्थ सांगून झाला होता. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने सवयीने सुरुवात केली, "असेही अ..."

"नाही मावशी," केतकी म्हणाली. "हे 'असेही' नाही. हे असंच आहे."

ती हे चिडून बोलली नव्हती. आकड्यांच्या दुनियेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते साधं बोलणं होतं. पण त्या मठात ते वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. म्हातारीचं तोंड तसंच उघडं राहिलं.

रोहिदास उभा राहिला आणि त्याने केतकीला वाकून नमस्कार केला. "ताई, तुमचे उपकार हायेत. डोळे गेले म्हणता. बराबरच हाय. 'बाहेरील उजेड सरे' असं पोथीच सांगते ना. आम्ही कुठं नाई म्हणतो?"

केतकी बोलायला गेली, पण मागची तरुण मुलं जयघोष करू लागली होती. तिने वडिलांकडे पाहिलं. सुदामरावांनी पोथी मिटली, तिच्यावर फडकं घातलं, फडक्याची चारी टोकं नीट दुमडली. रात्री जेवताना त्यांनी एकच विचारलं.

"सत्त्याण्णव म्हणाली तू. बाकीचे तीन?"

"ती यंत्राची चूक धरायची. पण इथे पुढची पानंही आहेत, बाबा. इथे तीनसुद्धा नाहीत."

"हं," ते म्हणाले आणि त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा ताटात तसाच ठेवला. केतकीने ते पाहिलं होतं. तिला वाटलं, हरल्याचं दुःख आहे. दोन दिवसांत जाईल.

दोन आठवड्यांनी शेजारच्या मंगलाकाकूंचा फोन आला तेव्हा ती बैठकीत होती. काकू रडत नव्हत्या, ओरडत होत्या. "अवं, तुये बाबा गच्चीवर बसले होते सकाळपासून! मले वाटलं हवा खाऊन राहिले! चहा द्यायले गेली तं मले म्हणे, कोण हाय? मी समोर उभी, अन् मले म्हणे कोण हाय?"

अमरावतीच्या रुग्णालयात सुदामराव खाटेवर ताठ बसले होते. केतकी आत आली तशी त्यांनी मान थोडी तिरकी केली. तिला सरळ पाहिलं तर ती दिसत नव्हती. बाजूला पाहिलं तर तिचा एक खांदा आणि ओढणीची कड दिसत होती. मधे राखेच्या रंगाचं भोक.

"का केलंत?" ती म्हणाली. "तुम्ही? रोहिदासने नाही केलं. त्या मुलीनंतर त्याच्या एकाही माणसाने नाही केलं अजून. तुम्ही का?"

"त्यायनं चुकीचा अर्थ सांगतला नव्हता ना." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "मी सांगतला. चाळीस वर्षं. कुलूप पाहून अंदाजे रीडिंग टाकलं मी, केतकी. त्या घरात कोणी राहते का नाई, हेही पाह्यलं नाई. तू कुलूप उघडून देलं. मंग मीटर पाहाले मीच जायला पाहिजे की दुसऱ्याच्या पोरायले धाडू?"

हेच केतकीने इर्शादला सांगितलं होतं, बॅग भरताना, वेगळ्या शब्दांत.

तिने विचारलं, "आणि दिवा?"

"वाट पाहून राह्यलो," ते म्हणाले.

त्यांना घरी आणलं. मग एक नवाच प्रकार सुरू झाला. लोक पाया पडायला येऊ लागले. रोहिदासने स्वतः येऊन हार घातला आणि जाहीर केलं की येत्या संक्रांतीला पंथातले तरुण मठाच्या शेतात एकत्र बसून व्रत करतील. नावं नोंदवली जाऊ लागली. "वाचकांच्या आत दिवा लागला," अशी बातमी पार परतवाड्यापर्यंत गेली. सुदामरावांनी कुणाला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते अजून वाट पाहत होते.

केतकी पुण्याला परतली आणि जे आधी करायला हवं होतं ते तिने केलं. दुसरी ओवी मागोव्याला दिली.

'मग बाहेरील उजेड सरे' हे सरळ आलं. केलेलं लिहिणारा हात. 'आंतील' लिहून हात थांबला. साऱ्या पोथीत इतका वेळ तो कुठेच थांबला नव्हता. शाई वाळली, बोरू दौतीत बुडाला, कागदाजवळ आला, टेकला, उचलला, पुन्हा बुडाला. दोनदा तो काही न लिहिता परत गेला. मग 'दिवा' हा शब्द आला, आणि त्याच्यापुढे प्रत्येक शब्दाच्या तोंडाशी हात अडत गेला.

इर्शादने पडदा थांबवला. "रचलंय."

"हो."

"म्हणजे तो माणूस डोळे जाळून बसला, वाट पाहिली, काही झालं नाही, आणि मग..."

"मग लिहिलं," केतकी म्हणाली. "पहिली ओवी लिहून झाली होती. पुढे काहीतरी लिहायला हवं होतं."

संक्रांतीच्या आदल्या दुपारी ती मठात उभी राहिली. या वेळी सुदामरावांना चौरंगामागे नाही, उंच गादीवर बसवलं होतं, गळ्यात हार. पुढच्या चार रांगांत व्रताला बसणारी मुलं-मुली, कपाळाला गंध. काही जणांच्या आया मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. केतकीने त्यांच्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली.

तिने हात चालवून दाखवला. बोरू येतो, टेकतो, परत जातो. "सूर्याकडे पाहिलं हे खरं," ती म्हणाली. "उजेड गेला हे खरं. दिवा लागला हे खरं नाही. ते हंसोबांनी रचलं. मी हे आधी तपासलं नाही. तपासायला हवं होतं."

सगळ्यांच्या माना सुदामरावांकडे वळल्या. या मठात दिव्याबद्दल बोलण्याचा अधिकार आता एकाच माणसाला होता. ते काय बोलतील हे केतकीलाही सांगता आलं नसतं. ते 'लागला' म्हणाले असते, तर ते जन्मभर त्या गादीवर बसले असते.

सुदामरावांनी गळ्यातला हार काढला. काढताना तो कानाला अडकला. कुणी मदतीला आलं नाही.

"मी ज्या जागेवर बसून चाळीस वर्षं अर्थ सांगतले," ते म्हणाले, "तिथं एक गोष्ट कधी बोललो नाई. ती आज बोलतो. दिवा लागत नाई. मी पाह्यलं. आत काईच नाई, एक राखेचा डाग हाय, अन् तो सरकत नाई. असंच आहे. बाप्पाहो, घरी जा."

मागच्या भिंतीशी एक आई उठून उभी राहिली. केतकीला क्षणभर वाटलं, झालं.

मग रोहिदास उठला. त्याने आवाज मुळीच चढवला नाही. हात जोडून, हळहळत, वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला, "काका, तुमचा शब्द मोठा. पण तुम्ही जन्मभर म्हणत आले, सूर्य म्हणजे ज्ञान, सूर्य म्हणजे चूक. मनात संशय ठेवून बसले असाल. संशयानं बसलेल्याचा दिवा लागला नसंल." तो वळला, चार रांगांकडे पाहिलं, आणि ज्या रीतीची त्याने आयुष्यभर टिंगल केली होती ती त्याने पहिल्यांदा पाळली. "असेही असेल."

अर्थ सांगून झाला होता. अडीचशे वर्षांची सवय होती. आधी पुढच्या रांगेतून, मग बायकांच्या बाजूने, मग भिंतीला टेकलेल्या आयांतूनही, सगळा मठ एका सुरात म्हणाला, "असेही असेल."

उभी राहिलेली ती आई पुन्हा खाली बसली.

सुदामराव मान तिरकी करून समोर पाहत होते. तिरकं पाहिलं तरी गर्दीच्या कडाच दिसत होत्या. त्यांनी गादीवर हात चाचपला. केतकीने तो हातात घेतला. ते तिच्या कानाशी आले.

"किती जण शेताकडं चालले?"

बाहेर पायऱ्यांवर मुलं चपला शोधत होती. शेताकडची जागा आजच झाडून ठेवायची होती. कुणीतरी कुणाला म्हणत होतं, पाणी न्यायचं का रे, चालते का पाणी. खराट्यांचा भारा दगडावर आपटला.

"कुणी नाही, बाबा," केतकी म्हणाली. "सगळे घरी चाललेत."

सुदामरावांनी चपलांचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. तो घरांच्या नाही, शेताच्या दिशेने गेला. मग त्यांनी तिच्या हातावर दुसरा हात ठेवला.

"असेही असेल," ते म्हणाले.